हा वाटा कोणाचा?

नवेगाव बांध,
२३ जानेवारी २०२५

प्रिय हेमेंद्र,

अनेक आशीर्वाद. मंजूला आणि छोटीला माझी आठवण सांग. इकडे सगळं ठीक, आई बरी आहे. फोनवर तू नेहमी गडबडीत असतोस, म्हणून लिहायला बसले.

अंगणवाडीत यंदा पोरं बरीच आहेत. आकडे घोकून घेऊ नका, हाताने करू द्या, असं प्रशिक्षणात सांगतात. मग चिंचोके, बांगड्या, काड्या, जे सापडेल ते मांडते. परवा मातीचे मासे करायला लावले आणि बाबांसारखे वाटे पाडायला शिकवलं. आठवतं ना? तलावावर जाळी रिकामी झाली की बाबा मासळीचे ढीग लावायचे आणि तुला पाठ करून उभं करायचे. एकेका ढिगावर हात ठेवून विचारायचे, "हा कोनाचा?" तू न बघता नाव घ्यायचास. ज्याचं नाव येईल त्याने तो ढीग मुकाट्याने उचलायचा. तू लहान, तुला कुणाचं काही नाही, म्हणून सगळ्यांचा तुझ्यावर भरवसा.

पोरांना खेळ फार आवडला. दुर्गाने पाच-पाच मासे मोजून ढीग केले. गुलशन पाठ करून उभा. त्याने एका ढिगाला रोशनचं नाव घेतलं आणि गोंधळ सुरू.

"बाई, रोशन रडून राहिला!"

"माज्या वाट्यात सारे बारकेच काऊन?" रोशनचं म्हणणं.

दुर्गा कमरेवर हात ठेवून म्हणते, "पाच तं हायेत ना!"

मीही हसले. पण घरी येईपर्यंत तेच डोक्यात.

तूही म्हणतोस, "ताई, दोघं मिळूनच करतोय ना आपण." खरं आहे. औषधं तू पाठवतोस, रोज फोन करतोस. माझ्या ढिगात उचलणं, धुणं, भरवणं, कूस बदलणं. मोजायला गेलं तर सारखंच भरेल रे.

आई बरी आहे असं वर लिहिलं, ते खरं नाही. दिवाळीला तू येऊन गेलास, त्यानंतर ती उठलेली नाही. लकव्याची बाजू आता बसायलाही साथ देत नाही. फोनवर आवाज खणखणीत लागतो, म्हणून तुला कळलं नाही, आणि मीही बोलले नाही. माझी कंबर गेली आहे. वजन उचलायचं नाही, असं अर्जुनीच्या डॉक्टरांनी बजावलंय. तुझे भाऊजी हात लावतात, पण दिवसभर ते शेतावर. पोरं गेली की मी अंगणवाडीला कुलूप लावते आणि तिथेच पायरीवर बसून राहते. समोर घर दिसतं. जावंसं वाटत नाही. मला आईचा राग येतो, हेमेंद्र, मग स्वतःचाच येतो. फार थकले मी.

तिला विचारलं, "नागपूरला जातेस का थोडे दिवस?"

"मी का मासोळी हावो, वाटे पाडाले?" म्हणाली आणि हसली. मग दिवे लागल्यावर आपणच विचारते, "हेमेंद्राच्या घरी पलंगाजवळ खिडकी हाय का?"

होळीच्या आधी तिला घेऊन जा. खिडकी असेल तर तिथे पलंग टाक. नसली तरी ने.

पाठ करून तर तू उभाच आहेस. मी आईच्या खांद्यावर हात ठेवून विचारते, हा कोनाचा? पण या वेळी न बघता नाव घेऊ नकोस. आधी वळून तिच्याकडे बघ.

तुझी,
शामकलाताई