कुंपणाबाहेरचा खड्डा

अप्पा, रोपवाटिकेतल्या शेडजवळचा करंज आता पत्र्याच्या वर गेला आहे. दुपारी कामावरच्या बाया त्याच्याखाली भाकरी सोडतात. गिऱ्हाइकं आली की मीही खुर्ची तिथेच टाकते. रस्त्यावरून लॉरी गेली की पानांवर धूळ बसते, ती मी पुसत नाही. आज सकाळी तिथे एक गृहस्थ बसले होते. नव्या कॉलेजच्या आवारात बाग करायची आहे म्हणून इथे आपल्या मन्नाएखेळ्ळीपर्यंत आले होते. त्यांनी वर पाहिलं आणि मला एक प्रश्न विचारला. त्या प्रश्नामुळे हे लिहायला बसले आहे.

तुम्ही बागा करायचात त्या मला अजून क्रमाने आठवतात. आपण बुद्ध झालो त्या वर्षी तुम्ही साहेबाच्या बंगल्यावरचं माळीकाम सोडलंत आणि रस्त्याकडेच्या या पट्टीत डालड्याच्या रिकाम्या डब्यांतून रोपं लावलीत. बंगल्याबद्दल तुम्ही एकच गोष्ट सांगायचात. बाग सगळी तुमच्या हातची होती, पण जेवायला कुंपणाबाहेर बसावं लागायचं, आणि बाहेर झाड नव्हतं. हे सांगताना तुमचा आवाज बदलायचा नाही. पुढे कुणाचीही बाग करायला घेतली की पहिला खड्डा तुम्ही कुंपणाबाहेर काढायचात. त्यात करंज नाहीतर लिंब लावून, आळं करून, पाणी घालून झालं की मगच आत पाऊल. एका सावकाराने एकदा टोकलं होतं, "माप चुकलं की रे तुझं. खड्डा भाईर पडलाय." तुम्ही पहार न थांबवता म्हणालात, "माप बरोबर हाय, मालक. ह्यो भाईरचाच हाय." "भाईर हाय कोन?" "येत्याल की," तुम्ही म्हणालात. सावकार हसला. त्याला वाटलं, हा माळी येडा आहे, पण काम चांगलं करतो.

खजुरी गावातली बाग आठवते. मी नुकतीच बी.ए. होऊन गुलबर्ग्याहून परतले होते. नोकरी मिळेपर्यंत म्हणून तुमच्या हाताखाली आले आणि राहिले. त्या दिवशी तुम्हाला यायला उशीर झाला. गुलाबाची रोपं माना टाकत होती, म्हणून मी ती आत ओळीने लावून टाकली. तुम्ही आलात, बाहेर पाहिलंत, आत पाहिलंत, आणि बाराही रोपं उपटून परत पोत्यावर ठेवलीत.

"कामून लावलीस?"

"सुकायली होती, अप्पा."

"मानसं सुकत न्हाईत का?"

घरधनीण दारात उभी राहून बघत होती. तिच्यासमोर मला बोललात याचाच मला जास्त राग आला. बाहेरचा खड्डा मी काढला. तुम्ही पहार दिली नाही, मी खुरप्यानेच काढला.

मग तुमचा दम वाढला आणि तुम्ही घरी बसलात. दवाखान्याची बाग मी एकटीने घेतलेली पहिली. तालुक्याच्या गावी, रस्त्याला लागून, नवीन इमारत. नियमाप्रमाणे फाटकाच्या डाव्या हाताला बाहेर खड्डा काढला. डॉक्टर बाहेर आले. वाईट माणूस नव्हता. "हितं झाड कामून? माझी पाटी झाकंल की बाई. पेशंटला दिसायचं कसं?" मी म्हणाले, आमची पद्धत आहे. ते म्हणाले, "पद्धत आत करा." मला ते काम हवं होतं. तुमच्याशिवाय जमतं हे दाखवायचं होतं, तुम्हालाच. खड्डा मी बुजवला, वरून पायाने दाबला. आत गुलाब लावले, मेंदी लावली, हिरवळ केली. चांगली झाली बाग. करंजाचं रोप पिशवीसकट परत आणलं आणि शेडजवळ टेकवून ठेवलं.

तुम्ही बाजेवर बसला होतात. "भाईरचं लावलीस?"

"व्हय."

"काय लावलीस?"

"करंज."

तुम्ही मान हलवलीत.

उन्हाळ्यात तुमचा दम घरी आवरेना. जवळ तोच एक दवाखाना होता. जीपमध्ये मी तुम्हाला दुसरीकडे नेऊ म्हणाले, पण तुम्हाला तेवढा दम निघणारा नव्हता. आपण पोचलो तेव्हा डॉक्टर यायचे होते, फाटकाला कुलूप होतं. दहा-पंधरा माणसं बाहेर जमिनीवर बसलेली. तुम्ही डावीकडे पाहता, मग उजवीकडे पाहता. मग टॉवेल डोक्यावर घेऊन, खड्डा होता तिथून दोन हातांवर बसता. शेजारी एक शेतकरी बायकोला धरून बसला आहे. तो म्हणतो, "काय दवाखाना, सावली बी न्हाई हितं." मी जमिनीकडे बघते. तुम्ही श्वास गोळा करता आणि त्याला म्हणता, "बाग माझ्या पोरीनं केलीया. आत बगा. गुलाब हायेत."

कुलूप निघायला तासभर लागला. त्या तासात तुम्ही मला काही विचारलं नाहीत. चौथ्या दिवशी तुम्ही गेलात. तोवरही विचारलं नाहीत.

मी रडले नाही. लोक म्हणाले, पोरगी घट्ट आहे. पावसाळ्यात शेड झाडताना ते रोप दिसलं. पिशवी उचलायला गेले तर उचलेना. मुळं पिशवी फोडून खाली गेली होती. ओढलं असतं तर तुटलं असतं. मी ते तिथेच सोडून दिलं.

त्यानंतरच्या प्रत्येक बागेत मी आधी बाहेरचं झाड लावते. लोक त्याला अप्पांची पद्धत म्हणतात. पाटीवर अजून तुमचंच नाव आहे, कानडीत आणि मराठीत. दवाखान्याची मेंदी छाटायला माणसं पाठवते, स्वतः जात नाही. त्या डॉक्टरांना पुन्हा विचारलेलं नाही. विचारलं तर ते लावा म्हणतील, असं वाटतं.

हा कागद बियांच्या डब्यात, पाकिटांखाली राहील. तिथे दमट लागत नाही. आजच्या गृहस्थांनी करंजाकडे बघून विचारलं होतं, "हे अप्पांच्या हातचं दिसायलंय, व्हय ना?"

मी व्हय म्हणाले.