बेचाळिसावी स्क्रीन

प्रिय मनोरमाताई,

मी राहतो त्या इंद्रलोक सोसायटीतून तुमचं घर चालत वीस मिनिटांवर, आणि मी चार वेळा तुमच्या गेटपर्यंत येऊन परत फिरलोय. तोंड उघडायची हिंमत होत नाही, म्हणून लिहितोय. काल बाजारात स्वप्नाली भेटली. म्हणाली, आई गॅस बंद केलाय का ते तीनतीनदा उठून बघते, बोलताबोलता मध्येच थांबते, शुक्रवारी तिला मेंदूच्या डॉक्टरांकडे नेतेय. मी हातातली कोथिंबिरीची जुडी परत टोपलीत ठेवून घरी आलो.

तुमच्या शेजारी खुर्ची टाकून बसलो ते पंधरा दिवस आठवतात? डोळ्यांच्या हॉस्पिटलचा तो जुना कॉम्प्युटर, काळ्या पडद्यावर हिरवी अक्षरं, आणि तुम्ही न बघता बटणं दाबत पेशंटच्या तारखा लावायचात. तुमचं काम प्रोग्रामला शिकवायचं, ही माझी नोकरी. प्रत्येक स्क्रीनची एक टेम्प्लेट फाइल, म्हणजे साचाच: कितव्या ओळीत कोणते शब्द दिसले की ही कुठली स्क्रीन, आणि मग कोणतं बटण दाबायचं. असे एक्केचाळीस साचे मी लिहिले. तुम्ही अर्धा डबा माझ्यापुढे सरकवून म्हणायचात, "तुझ्या त्या प्रोग्रामला सांग हां, सगळीकडे एंटर मारत सुटू नको म्हणावं." मी हसायचो.

बेचाळिसावी स्क्रीन, सूचनेची, माझ्यासमोर एकदाच आली. कुणाच्या तरी ऑपरेशनची तारीख अलीकडे आणली होती. तुमची बोटं थांबली. तुम्ही चष्मा पुसून ती दोनदा वाचलीत आणि आधी पेशंटला फोन लावलात. मी वहीत टिपून घेतलं. साचा लिहायचं मात्र उद्यावर टाकलं.

पुढच्याच महिन्यात मोरव्याच्या चंपाबाईंची तारीख आठवडाभर अलीकडे आली आणि त्यांना कुणी कळवलंच नाही. त्या जुन्या तारखेला आल्या तोवर डावा डोळा गेला होता. चौकशीत तुमच्यासमोर कागद ठेवला: तुमचं नाव, दुपारी तीन, सूचना न वाचता पुढे सरकवली. तुम्ही म्हणालात, "मला तर आठवत नाहीये. पण नाव माझं आहे, म्हणजे मीच केलं असणार. वय झालं." प्रोग्रामची माहिती द्यायला मलाही तिथे बसवलं होतं. मी गप्प राहिलो. कारणं पुष्कळ होती, सांगायच्या लायकीचं एकही नाही. सव्वीस वर्षांची नोकरी सोडून तुम्ही घरी बसलात. मला स्वतःची शिसारी येते, ताई.

तुम्ही काहीही विसरलेला नाहीत. ते एंटर तुमचं नव्हतंच. त्या दुपारी प्रोग्राम कुठेही न अडता चालतो हे मला साहेबांना दाखवायचं होतं. त्याला वेगळं लॉगिन मिळालं नव्हतं, म्हणून तो तुमच्या पासवर्डने चालवला. तुम्हाला मात्र सांगितलं होतं की तो नुसता बघतो, काही दाबत नाही. स्क्रीन ओळखता आली नाही तर एंटर मारून पुढे जा, हेही मीच त्यात लिहून ठेवलं होतं. आज सकाळी हे सगळं हॉस्पिटलला लेखी दिलं. चंपाबाईंच्या घरी जाऊनही सांगितलं. त्यांच्या मुलाने तोंडावर दार लावलं. तुम्हीही लावा, मी काही म्हणणार नाही. फक्त शुक्रवारच्या आधी हे पत्र स्वप्नालीला वाचायला द्या.

तुमचाच,
धम्मदीप