जोडीदाराचं नाव

१२ नोव्हेंबर
आलो बाबा एकदाचे लातूर सोडून कळंबला! खोली झकास. दोन खिडक्या, नळाला रोज पाणी. शिवांजलीनं आधी चहा टाकला, मग साखर कारखान्याच्या नव्या साहेबाला, म्हणजे मला, भांडी घासायला बसवलं. काम सोपं आहे. ऊसतोड टोळ्यांच्या नोंदीचा फॉर्म बनवायचा. नावं भरायची, बटण दाबायचं. भरलेलं जसंच्या तसं सर्व्हरवरच्या मेथडकडं, म्हणजे कोडच्या एका तुकड्याकडं, जातं आणि ती नोंद करते. ऑफिसातले महारुद्रमामा म्हणाले, इथं नवरा-बायको मिळून एक कोयता, एकट्याला काम न्हाय. म्हणून नावाचे बॉक्स दोन. दोन्ही भरल्याशिवाय फॉर्म पुढं सरकत नाही.

१५ नोव्हेंबर
चाचणीला दरवेळी दुसरं नाव टाकून वैताग आला. सरळ कोडमध्येच लिहून टाकलं, दुसरा बॉक्स रिकामा असला तर मेथडला शिवांजलीचं नाव पाठव. घरी सांगितलं तर लई भडकली. परक्या माणसाच्या जोडीला बायकोचं नाव लावता, लाज कशी वाटत न्हाय, म्हणाली. उद्या काढतो म्हटलं.

२० नोव्हेंबर
काढायचं राहिलं. फॉर्म सुरूही झाला. एका टोळीच्या मुकादमानं माणसं भरली. त्यातल्या गुंडप्पाची बायको गेल्या साली वारली, म्हणून त्याचा दुसरा बॉक्स तसाच सोडला. नोंद झाली: गुंडप्पा, शिवांजली. खरं सांगतो, मला हसू आलं.

२२ नोव्हेंबर
दुपारी जेवायला गेलो तर घराला कुलूप. तासाभरानं आली. तळहात फोडांनी भरलेले, केसांत उसाचं पाचट. कुठं होतीस विचारलं. म्हणाली, कुठं न्हाय, घरातच.

२३
नोंदीतलं नाव पुसलं. कोडमधली ओळ काढली. दुसरा बॉक्स रिकामा ठेवून तीनदा बटण दाबलं. तिन्ही वेळा मेथडकडं पोचलं — शिवांजली. अरे, पाठवतंय कोण? मी नाही.

२५
मला साहेब म्हणाली. स्वतःच्या नवऱ्याला! थट्टा नव्हती. महारुद्रमामा सांगत होते, गुंडप्पाच्या जोडीला कुणी बाई आलीय, लई कामाची, तोंडातून शब्द काढत न्हाय.

२७
घरी आलीच नाही. उसाच्या फडात गेलो. मोळी बांधत होती. हात धरला — किंचाळली. गुंडप्पानं हात जोडले. म्हणाला, साहेब, माझ्या बायकूला सोडा.
चूक माझी. माझीच —

२८
एकच उपाय. पहिल्या बॉक्समध्ये माझं नाव, कृष्णराज. दुसऱ्यात तिचं. बटण दाबलं. पोचलं — गुंडप्पा, शिवांजली. परत दाबलं. तेच. परत. माझं नाव जातंय कुठं?

बहुतेक २९
बोटं सोलली. पेन धरवत नाही. फडात आहे — कसा आलो — मुकादमानं गुंडप्पा म्हणून हाक मारली, म्या व्हय म्हणलं. ती भाकर घेऊन आली. इतक्या दिसांनी हसली. तिला सांगायचं हुतं, मी तुझा — म्या — नाव अगदी ओठावर आलं, आन्