लोभाचं भाषांतर

कोपरी, ठाणे पूर्व
५ जानेवारी २०२५

ती. स्व. ताईस,
रवींद्रचा सा. न. वि. वि.

पत्र पाहून कपाळाला आठ्या पडल्या असतील. माझं पत्र म्हणजे मागणं, हे तुला पाठ आहे. फोनवर मागितलं असतं, पण फोनवर आपलं भांडण दोन वाक्यांत उरकतं. पत्रात ते पंधरा दिवस पुरतं आणि तुला शुद्धलेखनही तपासता येतं.

बाळकुमच्या आमच्या छोट्या संग्रहालयाचं मित्र मंडळ आहे आणि मी त्याचा चिटणीस आहे, हे तुला ठाऊक आहे. लोकांना अजून नाही. मंडळ म्हटलं की गणपतीची वर्गणी समजून ते दार लावून घेतात. दार उघडलं ते पोर्तुगालमधल्या एका समुद्रकाठच्या गावानं. तिथे मिठाचं संग्रहालय आहे, त्यालाही असंच मित्र मंडळ आहे. त्यांच्या अध्यक्ष ग्रासाबाई वर्षभर मला लिहिताहेत. मी मराठीत लिहितो, फोन त्याचं इंग्रजी करतो. ते मी वाचत नाही. माझ्या इंग्रजीपेक्षा बरंच असणार.

मार्चमध्ये बाळकुमला दोघांचं मिळून प्रदर्शन आहे. त्यांच्या मिठागरातल्या वस्तू आणि आपल्या कळव्याच्या. त्यासाठी ती मंडळी इथे येतील, मग आपल्या वस्तू त्यांच्याकडे जातील. मी चालवलेली एखादी गोष्ट कोपरीच्या पुढे जाण्याची ही पहिलीच वेळ.

आईचं मिठाचं लाकडी भांडं हवं आहे. आबा मिठागरात मुकादम असताना त्यांनी तिच्यासाठी कोरून घेतलेलं. आमच्याकडे बाकी काय आहे? काही फावडी आणि एक फोटो, तोही उलटा छापलेला.

कळावे. भांडं दिलं नाहीस तरी लोभ असावा, ही विनंती.

तुझा
रवी

*

डोंबिवली पूर्व
१२ जानेवारी

चि. रवीस,
अनेक आशीर्वाद.

शुद्धलेखन तपासलं. चूक एकच. 'आईचं भांडं' लिहिलं आहेस, 'ताईचं' हवं.

आईच्या मागे वस्तू वाटल्या तेव्हा तू पुस्तकं उचललीस. मी भांडं मागितलं तर हसलास. म्हणालास, ताईनं एवढ्या संसारातून मीठ उचललं. आता परदेशातल्या बाईंना हवं झालं तेव्हा तुला त्यात वारसा दिसला.

मी त्यात आजही मीठ ठेवते. न बघता हात घातला तरी भाजीपुरतं मीठ बोटांत येतं. ते काचेच्या पेटीत ठेवून खाली पाटी लावणार असशील, तर शेजारी मलाही बसव. हे म्हणतात, देऊन टाक. यांना अळणीही चालतं.

मला त्या भांड्याचा लोभ आहे. या वयात तो सुटावा म्हणतात. सुटला की कळवीन.

प्रकृतीला जप. भांड्याऐवजी आशीर्वाद पाठवते आहे, तेवढ्यावर भागव.

तुझी
ताई

*

कोपरी
३ फेब्रुवारी

ती. स्व. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझं भांडं सुरक्षित आहे. प्रदर्शन बुडालं.

ग्रासाबाईंनी लिहिलं आहे की, आम्ही तुम्हाला असे वाटलो याचं वाईट वाटतं, आता भांडंही नको आणि आम्ही येतही नाही.

आधी एक सांगतो, रागावू नकोस. प्रदर्शनापुरतं भांडं मी तुला विचारण्याआधीच त्यांना कबूल केलं होतं. दिवाळीत तुझ्या स्वयंपाकघरात काढलेला फोटोही पाठवला होता. त्यात तुझं कोपर आलं आहे. फोटो बघून त्यांनी विचारलं, इतकी सुंदर वस्तू आमच्याकडे दोन वर्षं राहू शकेल का? मी उत्तर दिलं, ताईला विचारून सांगतो. खाली नेहमीसारखं, कळावे, लोभ असावा ही विनंती.

काल प्रथमच फोननं केलेलं इंग्रजी वाचलं. अर्थ असा निघतो: 'माहीत असू द्या. तुम्ही हावरट राहावं ही विनंती.'

वर्षभर मी प्रत्येक पत्राखाली हेच लिहीत आलो आहे. इतके दिवस त्यांनी ती आमच्याकडची कसली तरी प्रार्थना समजून सोडून दिली असेल. वस्तू मागितल्यावर मात्र ती लागली. आमचे अध्यक्ष मारुतीराव म्हणाले, मराठीचा एम. ए. बघून चिटणीस निवडला, त्याचं हे फळ.

खुलासा लिहायला बसलो आणि अडलो. लोभ म्हणजे प्रेम असं लिहावं, तर ग्रासाबाई विधवा आहेत, मी विधुर, आणि मध्ये फोन. तो त्याचं काय करील याचा नेम नाही. तू जन्मभर मराठी शिकवलंस. मला लोभ म्हणजे काय ते सांग.

शेवटची ओळ या खेपेला लिहीत नाही. हात धजत नाही.

रवी

*

डोंबिवली
९ फेब्रुवारी

चि. रवीस,
अनेक आशीर्वाद.

पोर्तुगीजांना वसईतून घालवायला पेशव्यांच्या फौजेला दोन वर्षं लागली. तू एका ओळीत घालवलेस. आबा असते तर पेढे वाटले असते.

कोपराबद्दल भेटल्यावर बोलू.

तुझ्या सुनेकडून, शिवानीकडून, ग्रासाबाईंचा पत्ता घेतला आणि मीच त्यांना लिहिलं. मोडक्या इंग्रजीत, पण फोनला मध्ये न घेता. लिहिलं ते असं: आमच्या भाषेत वस्तू सोडवत नाही त्यालाही लोभ म्हणतात आणि माणूस सोडवत नाही त्यालाही. माझ्या भावाला तुमच्याविषयी दुसरा आहे. भांड्याविषयी पहिला आहे, तो मला. यात हावरट कोणी असेल तर ती मी. फोटोतलं कोपर माझंच.

भांडं देईन असं लिहिलेलं नाही. त्या आल्याच तर दाखवायला आणीन आणि दाखवून घरी नेईन.

तू पुन्हा एम. ए. असल्याचं कुणाला सांगू नकोस. बाकी माया आहे तशीच आहे.

ताई

*

कोपरी
३० मार्च

ती. स्व. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझ्या पत्रानं ग्रासाबाई आल्या, प्रदर्शन झालं, आणि त्यातून तूच कुणालाही न सांगता उठून गेलीस. तेव्हा मारुतीरावांचं भाषण चालू होतं, म्हणून सगळ्यांना कारण पटलं. मला पटलं नाही.

मी तिथेच होतो. तू भांडं मिठासकट आणलंस. ग्रासाबाईंनी वस्तूचं वय विचारलं नाही, लाकूड कुठलं ते विचारलं नाही. आत हात घालू का, एवढंच विचारलं. डोळे मिटून चिमूट काढली आणि म्हणाल्या, हे एका माशापुरतं. तू ती चिमूट बघितलीस, आणि भांडं उचलून त्यांच्या हातात दिलंस. मी दोन वर्षांच्या मुदतीचं बोलायला पुढे झालो, तर मला गप्प बस म्हणालीस. आभाराचं भाषण तयार होतं, ते खिशातच राहिलं. मंडळाच्या इतिहासात एवढा चांगला कार्यक्रम झालेला नाही.

आज त्यांचं पत्र आलं. भांडं विमानात मांडीवर होतं. त्यांनी ते काचेत ठेवलेलं नाही. दारातल्या टेबलावर ठेवलं आहे, येणारा प्रत्येक जण चिमूट घेतो, संपलं की त्या भरतात. पत्राच्या शेवटी त्यांनी काय लिहिलं असेल ते असो, फोननं त्याचं मराठी केलं: 'तुमची हावरट मैत्रीण'. या वेळी चूक फोनची नाही, असं वाटतं.

पुस्तकं मी उचलली आणि हसलो, ते मला आठवत नव्हतं. आता आठवतं. येत्या रविवारी येतो. जेवायला असेन, रागावलीस तरी वाढशील ना?

तुझा
रवी

*

डोंबिवली
४ एप्रिल

चि. रवीस,
अनेक आशीर्वाद.

ये. पण बेतानं जेव. मीठ आता स्टीलच्या डब्यात आहे आणि हाताला त्याचा अंदाज नाही. परवाची आमटी खारट झाली, कालची अळणी. हे दोन्ही दिवस छान म्हणाले, म्हणजे इतकी वर्षं यांनी काय खाल्लं कोण जाणे.

ओट्यावर भांड्याच्या जागी गोल डाग राहिला आहे. बाई पुसायला गेली, तिला नको म्हटलं. दोन वर्षांनी भांडं आलं नाही तर मी स्वतः आणायला जाईन. पासपोर्ट कुठे काढतात ते शिवानीला विचारून ठेव.

ग्रासाबाईंना उत्तर लिहून झालं. शेवटी काय लिहावं म्हणून बराच वेळ अडले होते. मग जे त्यांना लिहिलं तेच तुलाही लिहिते.

कळावे. हाव असावी.

तुझी
ताई