बंडूचा डावा खुबा

उलवे,
१५ फेब्रुवारी २०२६, रविवार

चि. सौ. मैत्रीस,

आईचा सप्रेम जयभीम. तुला आणि पोटातल्या पाहुण्याला खूप खूप आशीर्वाद. अभयरावांनाही जयभीम सांग.

इकडे आम्ही दोघं ठीक आहोत. बाबांचं गुडघ्यांचं रडगाणं चालू आहे, म्हणजे तब्येत उत्तम आहे. पत्र बघून दचकू नकोस. फोनवर मी एक वाक्य बोलेपर्यंत तुझी मीटिंग सुरू होते, आणि तुझी नसली तर माझा कुकर शिट्टी देतो. म्हणून ब्लाउजच्या मापांची वही फाडून बसले आहे. पानामागे कुणाची छाती-कंबर दिसली तर तिकडे लक्ष देऊ नकोस.

मागच्या महिन्यात तू म्हणालीस, की बाळंतपणाला उलव्याला यायचं की नागपूरलाच राहायचं ते ठरत नाही. मग जरा थांबून म्हणालीस, "आजीने मला गुंडाळून गुंडाळून माझा खुबा घालवला. माझ्या बाळाला तुमच्याकडचं काही नको." मी नुसतं 'बरं' म्हटलं आणि विषय बदलला. पहिलं बाळंतपण माझ्याकडे व्हावं, ही माझी इच्छा तुला ठाऊक आहे. पलंग खिडकीपाशी सरकवूनही ठेवलाय. त्याच्याखाली बंडू झोपतो. वर चढायला त्याला सक्त मनाई आहे, आणि ती तो पाळतो, हे तुझ्या भावाला, सौरभला, आवर्जून सांग.

आधी बंडूची खबर देते, कारण ती चांगली आहे.

सौरभने तो मागच्या मे महिन्यात आणला तेव्हा दोन महिन्यांचं पिल्लू होता. नाव ठेवलं ब्रूनो. जुलैत कंपनीने सौरभला चेन्नईला धाडलं, ब्रूनो आमच्या गळ्यात पडला आणि चार दिवसांत त्याचा बंडू झाला. मी कुत्र्याच्या विरोधात होते, हे तुला माहीत आहे. बाबा मात्र आजोबा झाल्यासारखे वागायला लागले. तूप लावलेली चपाती, दहीभात, दोन अंडी. लॅब्राडोर आहे, हाडं मोठी हवीत, म्हणून स्वतःच्या कॅल्शियमच्या गोळ्या अर्ध्या करून त्यालाही द्यायचे. दर रविवारी वाण्याच्या काट्यावर उभा करून त्याचं वजन करायचे आणि सोसायटीभर सांगत फिरायचे.

ऑक्टोबरात माझ्या लक्षात आलं, की तो जिने चढताना मागचे दोन्ही पाय एकदम उचलतो, सशासारखा. बसला की एका कुशीवर कलंडून बसतो. आपल्या गुळगुळीत लाद्यांवर त्याचे मागचे पाय फाकायचे आणि मग उठताना तो आधी इकडेतिकडे बघायचा, कुणी पाहत तर नाही ना म्हणून. बाबा म्हणाले, आळशी आहे. मी मशीनवर बसल्या बसल्या आठवडाभर त्याची चाल बघितली. माझं पोट त्यावरच चालतं, माणसाचा कुठला खांदा खाली आहे आणि कुठली बाजू वर, ते मला टेप लावण्याआधी दिसतं. बंडू डावा पाय वाचवत होता.

नेरुळला डॉक्टर नाझिया म्हणून आहेत, उरणच्या बाजूच्या, तुझ्याच वयाच्या. त्यांनी गुंगी देऊन एक्स-रे काढला आणि पडद्यावर लावून आम्हाला समजावलं. खुब्याचा सांधा म्हणजे वाटीत बसलेला गोळा. बंडूची वाटी उथळ, त्यामुळे गोळा आत बसायचाच नाही, प्रत्येक पावलाला कडेवर घासायचा. उजवीकडे थोडं, डावीकडे फार. मोठ्या जातीच्या पिल्लांना भराभर वाढवलं, वजन चढवलं, वरून कॅल्शियम दिलं की हे आणखी बिघडतं, असंही त्या म्हणाल्या. बाबांचा चेहरा तू बघायला हवा होतास. घरी येईपर्यंत ते बंडूची माफी मागत होते, रिक्षावाला आरशातून बघत होता.

मग त्यांनी विचारलं, पिल्लू घेताना याची आई बघितली होती का? हे आईबापाकडून येतं. मी तिथूनच सौरभला फोन लावला. तो म्हणाला, विकणाऱ्याने आई दाखवलीच नाही, ती दुसऱ्या घरी पाठवलीय म्हणाला. मी ते डॉक्टरांना सांगितलं. सांगताना माझी जीभ अडखळली.

महिनाभर खाणं तोलून दिलं, औषधं दिली. उजवा पाय सुधारला, डावा नाही. डिसेंबरात ऑपरेशन ठरलं. मांडीच्या हाडाचा वरचा गोळाच काढून टाकतात, आणि मग आजूबाजूचे स्नायू हाडाला धरून ठेवतात. बाबा तयार नव्हते, नऊ महिन्यांच्या जिवाला कापायचं कसं म्हणाले. मीच सही केली. मला उशीर करायचा नव्हता.

त्यानंतरचे दोन महिने आमचं घर म्हणजे दवाखाना होता. घरभर रबरी पायपोस टाकले. आजीच्या जुन्या लुगड्याची मी दुहेरी झोळी शिवली, ती बंडूच्या पोटाखालून घालायची, दोन टोकं वर धरायची आणि त्याला तोलून चालवायचं. आधी दहा पावलं, मग वीस. दिवसातून तीनदा त्याला आडवा पाडून पाय सायकलसारखा फिरवायचा. ते काम बाबा करतात, आकडे मोठ्याने मोजत, आणि बंडू पंचविसाला जांभई देतो. वजन छत्तीसवरून एकोणतीसवर आलं. बाबांचंही तीन किलो उतरलं.

काल सकाळी खाडीच्या बाजूच्या रस्त्यावर मी झोळी सोडली. वरून विमान गेलं (आता दिवसभर जातात), आणि बंडू भुंकत त्याच्यामागे धावला. चार पायांवर धावला गं. थोडा तिरका, पण धावला. बाबा रस्त्यातच टाळ्या वाजवायला लागले आणि मी रडले. उजवीकडचं ऑपरेशन बहुतेक लागणार नाही, असं डॉक्टर म्हणतात.

१७ फेब्रुवारी, मंगळवार

एवढी पानं बंडूवर लिहून मी परवा पेन ठेवलं. बाबांनी वाचलं आणि म्हणाले, छान, पण जे लिहायला बसली होतीस ते कुठाय?

तर ते आता लिहिते.

एक्स-रेच्या दिवशी डॉक्टर नाझिया सहज बोलून गेल्या, "काकी, माणसांच्या बाळांचं पण असंच असतं. पहिल्या काही महिन्यांत कळलं तर नुसत्या पट्ट्याने भागतं."

मैत्री, मला कळलं होतं. तू दोन महिन्यांची होतीस. आपण तेव्हा गावी, बाबा मुंबईत नोकरीला नुकतेच लागलेले. उपकेंद्रात डोस द्यायला तुला नेलं तर सिस्टरने तुझ्या मांड्या उघडून बघितल्या. डावी उघडत नव्हती. ती म्हणाली, सारखं घट्ट बांधून ठेवू नका, आणि महिन्याच्या आत मुंबईला मोठ्या हॉस्पिटलात दाखवा, पट्टा लावतील. तिने चिठ्ठी लिहून दिली. घरी आले तेव्हा आजी शेतावर गेली होती. मी ती चिठ्ठी चुलीत घातली.

का, ते सांगते. तुझी वेणूमावशी लहानपणी विहिरीच्या पायरीवरून पडली, असं तू ऐकत आलीस. ती पडली नाही. तिचा पाय जन्मापासूनच तसा आहे. मला बघायला बाबांकडचे लोक आले, त्या दिवशी आमच्या आईने ताईला मामाकडे पाठवून दिलं. थोरलीत खोट दिसली तर धाकटीचंही लग्न मोडेल, म्हणून. लग्नानंतर सासरच्यांना ताई दिसली, तेव्हा विहिरीची गोष्ट तयार होती. आणि मग तू झालीस, आणि तुझा डावा पाय उघडेना. मला वाटलं, हे जन्माचं आहे म्हणून कळलं की सगळे तुझा आणि ताईचा पाय शेजारी ठेवून बघतील. मी बावीस वर्षांची होते. हे कारण आहे, सबब म्हणून सांगत नाही.

तू चालायला लागलीस आणि मग काही लपण्यासारखं राहिलं नाही. पाचव्या वर्षी ऑपरेशन, तीन महिने प्लास्टर, ते तुला आठवतं. तिथल्या डॉक्टरांनी विचारलं, बाळाला पाय सरळ करून घट्ट गुंडाळायचात का? आजी शेजारीच होती. ती म्हणाली, "व्हय, मीच बांधायची." त्या दिवसापासून सगळा दोष तिने आपल्या अंगावर घेतला आणि मी तो घेऊ दिला. तू चौदा वर्षांची असताना तिला म्हणालीस, तुझ्यामुळे मी लंगडी झाले. ती गप्प बसली. मी भाकरी थापत होते, मीही गप्प बसले. बांधण्याने बिघडतं, हे खरं आहे. पण तिला कुणी सांगितलंच नव्हतं. मला सांगितलं होतं.

तिच्या शेवटच्या आजारात तू आली नाहीस. मी त्याबद्दल तुला कधी बोलले नाही, कारण तुला न येण्याचं कारण मीच दिलं होतं.

आणखी एक. तुझ्या प्रत्येक सलवारीचा डावा पाय मी अर्धा इंच आखूड शिवत आले, म्हणजे चालताना दोन्ही कडा सारख्या दिसाव्यात. तुला वाटायचं, आईच्या हाताचीच सलवार नीट बसते. मला प्रत्येक वेळी कात्री चालवताना ती चिठ्ठी आठवायची.

बाबांना मी परवा, लिहायला बसण्याआधीच, सगळं सांगितलं. ते बराच वेळ बंडूचा पाय फिरवत बसले, आकडे न मोजता. मग म्हणाले, "आईला कळलं असतं ना, तर तुला दोन शिव्या हासडून ती पोरीला घेऊन सरळ एसटीत बसली असती." खरं आहे. तुझी आजी तशीच होती, रखमा नाव सांगितलं की तलाठीसुद्धा उभा राहायचा. तिला तेवढी संधी मी दिली नाही.

काल ताईला गावी फोन केला. म्हटलं, मी मैत्रीला सगळं लिहितेय, तुझं पण. मला वाटलं ती दुखावेल. ती हसली. म्हणाली, "सांग की गं. माजा पाय काय चोरीचा हाय, लपवायला?" मग बंडूची चौकशी केली, आणि कुत्र्याला पंखा लावता का, असंही विचारलं. फोन ठेवल्यावर मला इतकं हलकं वाटलं, की सहा ब्लाउज एका बैठकीत पुरे केले. खोटं कशाला बोलू, हे लिहितानाही मला बरंच वाटतंय.

आता कामाचं नीट वाच. तू कुठेही बाळंत हो, तिथल्या डॉक्टरांना सांग, की बाळाच्या आईला खुब्याचा त्रास जन्मापासून आहे आणि आईच्या मावशीलाही आहे. नुसत्या गुंडाळण्यामुळे झालं असं सांगू नकोस, मग ते तपासणार नाहीत. जन्मल्यावर खुबे बघायला लाव आणि बाळ दीड महिन्याचं झालं की खुब्याची सोनोग्राफी करून घे. काही निघालंच तर पट्टा लागेल, आणि बाळ चालेल, पळेल. मला हे फोनवर दोन वाक्यांत सांगता आलं असतं. पण मग तू विचारलं असतंस, आई, तुला कसं माहीत?

इकडे आलीस तर बाळाचे पाय मोकळे राहतील, हा माझा शब्द. नाही आलीस तर का नाही, ते मी कुणालाही विचारणार नाही. माझ्यावर रागव, अगदी बोलू नकोस हवं तर. पण आजीवरचा इतक्या वर्षांचा राग तेवढा माझ्या नावावर कर. तो तिचा कधीच नव्हता.

तुझी आई,
आणि वेणूची धाकटी बहीण