हेल्मेट काढलं

४ जानेवारी
आजपासून हौशी बॉक्सिंग बंद. आता प्रोफेशनल. सात सामने, पाच विजय. त्यातला एक विजय समोरची आलीच नाही म्हणून मिळाला. तिची यायची हिंमत झाली नाही, त्याला मी काय करू?
मास्तरांना सांगितलं. जिमची फरशी पुसता पुसता म्हणाले, एक वर्ष थांब, तुझा डावा हात झोपलेला असतो. पोटात दुखतंय त्यांच्या. नऊ वर्षं शिकवलं आणि आता मी पुढे निघाले हे बघवत नाही. उद्या तोंडावर सुनावणार.

५ जानेवारी
सुनावलं नाही. ते दाताच्या डॉक्टरकडे गेले होते.

९ जानेवारी
सुनावलं. सगळ्यांसमोर. म्हटलं, मला तुमची गरज नाही. ते म्हणाले, बरं.
नुसतं बरं! अंगाचा तिळपापड झाला. माणसाने निदान भांडावं तरी. लॉकरची किल्ली त्यांच्या टेबलावर आपटली आणि मागे न बघता निघाले. घरी आल्यावर कळलं, ती घराची किल्ली होती. दादाला आणायला पाठवलं.

१५ जानेवारी
सामने भरवणाऱ्या प्रमोटरला भेटले. टायरच्या दुकानावर ऑफिस आहे. माझ्या एका हरलेल्या सामन्याचा व्हिडिओ त्याने दोनदा पाहिला. म्हटलं, जिंकलेले दाखवते. म्हणाला, नको, यातच सगळं कळलं. पारखी माणूस.
२१ फेब्रुवारीला सामना. दोन-दोन मिनिटांचे चार राउंड, डोक्याला हेल्मेट नाही. समोर त्याच्याच जिमची नवी मुलगी. भिंतीवर फोटो होता. दोन वेण्या. हिला वेणीच म्हणणार. जिंकले की मोठा करार ना, असं विचारलं. म्हणाला, सामन्यानंतर बोलू. म्हणजे हो.
संकल्प: पहाटे पाचला पळणं. साखर बंद. वेणीला दुसऱ्या राउंडमध्ये आडवं करणं.

१६ जानेवारी, सकाळी ८.१०
पळणं उद्यापासून. गजर वाजला नाही. म्हणजे वाजला, पण मनापासून नाही.

२८ जानेवारी
सामन्यात पाणी द्यायला, जखम पुसायला माझ्या कोपऱ्यात दादा उभा राहणार. शिलाई मशिनं दुरुस्त करतो, रक्त बघितलं की घेरी येते. म्हटलं, रक्त वेणीचं निघणार आहे. म्हणाला, बघायला तर लागणारच ना. वहिनी म्हणाली, त्यापेक्षा मास्तरांनाच विचारा की. वहिनीला बॉक्सिंगमधलं ओ की ठो कळत नाही.

३ फेब्रुवारी
डाव्या हाताचं कारण सापडलं. आमच्या शर्टांच्या कारखान्यात दिवसभर उजव्या हाताने वाफेची इस्त्री फिरवते, डाव्याने कॉलर धरते. हात झोपलेला नाही, कॉलर धरून बसलेला असतो. नऊ वर्षांत मास्तरांना एवढं कळू नये?
उद्यापासून डाव्या हाताने इस्त्री.

४ फेब्रुवारी
अकरा शर्ट जळले. सुपरवायझर बाई जळकुकडी आहे.

१२ फेब्रुवारी
घरीच सराव. दादा सोफ्याची उशी धरतो, मी मारते. परवा उशी फाटली. दादा उशी भिंतीला टेकवून आधीच बाजूला झाला होता, म्हणून हात उशीतून थेट भिंतीवर. वहिनी दोन दिवस बोलत नाही. घरात शांतता आहे, तयारीला उत्तम.

२० फेब्रुवारी
वजन झालं. चारशे ग्रॅम जास्त भरलं. काट्यात खोट. घाम निघावा म्हणून रेनकोट घालून तासभर जिना चढले-उतरले, तेव्हा वजन बसलं. वेणी तिथेच केळं खात बसली होती. म्हणाली, ताई, दम लागलाय, बसा ना जरा. ताई! फार तर तीन वर्षांनी लहान असेल. उद्या ताई दाखवते.
मग पंचांनी नियम सांगायला बैठक बोलावली. गेले नाही. दादालाही जाऊ दिलं नाही. मला हे काय नियम शिकवणार!

२१ फेब्रुवारी, दुपार
जिंकल्यावरचं भाषण पाठ झालं. मास्तरांचं नाव त्यात नाही. दोनदा तपासलं.

२२ फेब्रुवारी
डावा डोळा बंद आहे. उजव्याने बघून लिहितेय.
पहिला राउंड माझा. कोणीही सांगेल. दादा सांगणार नाही, त्याचे डोळे मिटलेले होते. दुसऱ्या राउंडमध्ये वेणीला दोरापर्यंत रेटलं आणि तेवढ्यात टकटक झालं. पहिल्या राउंडला गोंगाटात ते ऐकूच आलं नव्हतं. आमच्या जिमची घंटा कधीच बिघडली आहे. मास्तर लाकडाचे दोन ठोकळे आपटतात. टकटक झालं की राउंड संपला. मी हात खाली केले आणि कोपऱ्याकडे वळले.
इथे टकटक म्हणजे दहा सेकंद उरले. घंटा त्यानंतर. बैठकीत सांगितलं होतं, म्हणे.
मागून कोणीतरी ओरडलं, हात वर! मला वाटलं, लोक खूश झालेत. मी एक हात वर केला, गर्दीला दाखवला आणि वेणीचा चेहरा बघायला मागे वळले. पुढचं आठवत नाही. पंचांनी दहापर्यंत मोजलं, म्हणे.
ओरडणारे मास्तर होते. शेवटच्या रांगेत. दादाने बोलावलं होतं, फितूर! चूक सगळी मास्तरांची. नवी घंटा आणायला काय धाड भरली होती?

१ मार्च
प्रमोटरने बोलावलं. वाटलं, चार शब्द ऐकवणार. तर हा खुशीत. सहा सामन्यांचा करार टाइप करून तयार. माझ्या नावापुढे प्रोफेशनल लिहिलेलं. त्याखाली सहा मुलींची नावं. सहाही पहिल्यांदाच उतरणाऱ्या. म्हटलं, एवढ्या सोप्या कशाला? मी सगळ्यांना हरवेन.
तो हसला नाही. समजावल्यासारखा म्हणाला, अगं, त्यांची सुरुवात चांगली व्हायला हवी. तू थोडं लढतेस, मग पडतेस. अशी मिळत नाही लवकर.
विचारलं, आणि मी जिंकले तर?
म्हणाला, मग तुला परत कशाला बोलावू?
फार लागलं. डोळ्यापेक्षा जास्त. उठून यायला हवं होतं. सही केली.
घरी दादाने विचारलं, काय झालं? म्हटलं, सहा सामने मिळाले. त्याला इतका आनंद झाला की वहिनीला हाका मारत आत पळाला. पुढचं मी त्याला सांगितलं नाही. इथेही लिहिणार नव्हते.