कॅमेरा घेऊ नकोस

ता. १४, बुधवार, दुपार

प्रिय ढब्बूस,

अनेक आशीर्वाद. आईला नमस्कार सांग, पण हे पत्र तिला लगेच वाचून दाखवू नकोस. आधी मनातल्या मनात पुरतं वाच. तुझी मोठ्यानं वाचायची खोड मला ठाऊक आहे, म्हणून सुरुवातीलाच बजावतेय.

ताईला आता फोन परवडत नाही का, म्हणून हसशील. हसून घे.

तू विचारलं होतंस, गेम खेळताना रेकॉर्ड करायचं, लाइव्ह दाखवायचं, तर काय काय घेऊ? आधी काहीच घेऊ नकोस. कन्सोल स्वतःच रेकॉर्ड करतो, त्यावर थोडे दिवस हात बसव. मग कॅप्चर कार्ड घे. कन्सोल आणि कॉम्प्युटरच्या मध्ये लावायची ती काडेपेटीएवढी डबी. टीव्हीची वायरही तिच्यातूनच पुढे जाईल अशी बघ, नाहीतर कॉम्प्युटरवरचं चित्र मागे रेंगाळतं आणि तुझा गडी खड्ड्यात पडल्यावर तुला खड्डा दिसतो. माइक साधा घे, तोंडाजवळ धरला तरच ऐकणारा. दुकानदार मोठा गळ्यात मारायला बघेल. तो शेजारच्यांची भांडणंसुद्धा ऐकतो.

कॅमेरा मात्र घेऊ नकोस.

का, ते आता लिहितेच. लाइव्ह चालू असताना आईचा फोन आला की मी मोठी शहाणी, माइकचं बटण बंद करायचे आणि खुशाल गप्पा मारायचे. हातात कंट्रोलर, त्यामुळे फोन स्पीकरवर. पण कॅमेऱ्याच्या पोटात वेगळा बारीक माइक असतो. तो माझ्या त्या बटणानं बंद होत नव्हता. सगळं बाहेर जात होतं. आईचा गुडघा. तुझी नवी नोकरी. तू निघालास की ती संध्याकाळपर्यंत एकटी असते, मागच्या दाराची कडी नीट बसत नाही. पार्सलसाठी मी तुमचा नवा पत्ता विचारला, तोही तिनं सावकाश सांगितला आणि मी मोठ्यानं म्हणत लिहून घेतला. ऐकणाऱ्यांना वाटलं असेल, मुद्दामच ऐकवतेय. कोणी चकार शब्द काढला नाही.

मागच्या आठवड्यात आमच्या दातांच्या दवाखान्यात एक गृहस्थ आले. इस्त्रीचा शर्ट, आवाज अगदी मऊ. नंबर लावायला मी वही पुढे ओढली आणि विचारलं, कुठला दात दुखतोय?

"दुखत काही नाही, चिमणे. आईचा गुडघा कसा आहे?"

मला चिमणी फक्त आई म्हणते. मी वही तिथंच टाकून आत धावले. डॉक्टरीणबाईंना बोलावून बाहेर येईतो खुर्ची रिकामी होती. त्या दिवशी घरी येऊन माझंच जुनं रेकॉर्डिंग लावलं, आणि त्यात आईचा आवाज ऐकला. तेव्हा मला सगळं कळलं. तुम्ही घाबराल म्हणून कळवलं नाही, ते चुकलंच.

आणि काल तुझा मेसेज. "ताई, तुझे एक जुने प्रेक्षक भेटले, फार सज्जन. सगळे त्यांना मास्तर म्हणतात. कॅमेरा फुकट पाठवला, माझ्या फोनवर चॅनेलची सेटिंगही त्यांनीच करून दिली. कॅमेरा कायम चालू ठेव म्हणाले. जागा नव्हती म्हणून आईच्या खोलीत लावलाय. शुक्रवारी येऊन नीट बसवून देतील. मी कामावर असलो तरी चालेल म्हणाले, आई असतेच ना घरी."

ढब्बू, मला भाऊ आहे हेसुद्धा मी प्रेक्षकांना कधी सांगितलं नव्हतं.

आता कळलं ना, फोन का केला नाही? तू फोन आईजवळ नेऊन स्पीकरवर टाकतोस. तू कामावर असताना गाठावं किंवा मेसेज करावा, तर तेही त्या माणसाच्या हाताखालून गेलेल्या फोनवरच. म्हणून सामान पोचवणाऱ्या टेम्पोवाल्या काकांच्या हाती हे देतेय. उद्या सकाळी, तू निघायच्या आत, ते तुमच्या दारात असतील. मी पोलिसांत तक्रार देऊन रातोरात निघते.

कॅमेरा भिंतीकडे वळवून भागणार नाही, त्याला कान आहेत. वायर सॉकेटमधून उपट. मग आईला उचल आणि मावशीकडे जा. औषधं घे, बाकी काही बांधत बसू नकोस. मला फार भीती वाटतेय रे.

पण मी तुला लहानपणापासून ओळखते. पत्र आलं म्हणताच आईनं "मोठ्यानं वाच की" म्हटलं असेल. तू माझं बजावणंसुद्धा तिला हसत वाचून दाखवलं असशील, आणि मग तिनं थांबू दिलं नसेल. तसा मोठ्यानं इथवर आला असशील, तर आता कुजबुजून उपयोग नाही. तो शुक्रवारची वाट बघणार नाही. पत्र टाक आणि आधी मागच्या दाराला कपाट लाव.

तुझी, वाटेत असलेली,
ताई